पी-टीने सुरू होणारे शब्द आणि आठवीचे संस्कृत

स्मरणिकेसाठी शाळेची आठवण लिहायची तर मी शाळेने लावलेल्या एका सवयीबद्दल लिहीन. आपल्याकडे इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचे आणि संस्कृत आठवीत. फळा एकच, वह्या मात्र वेगळ्या. त्या दोन वह्या शेजारी उघडून ठेवल्या की अनोळखी इंग्रजी शब्द किती मोकळे होतात, हे आज शिकणाऱ्या मुलांना दाखवावेसे वाटते. उदाहरणासाठी पी आणि टी या जोडीने सुरू होणारे शब्द घेतो. लहान कोशात ते पानभरही नसतात.

यांतला पी मुका असतो. शब्द बहुतेक ग्रीकमधून आलेले. ग्रीकांच्या तोंडात हे जोडाक्षर सुरुवातीलाच सहज बसत असे. फ्रेंच आणि जर्मन लोक आजही ते पूर्ण उच्चारतात. इंग्रजीने पी लिहिण्यात ठेवला आणि बोलण्यातून काढून टाकला. त्यामुळे कानावर आलेला ‘टोसिस’ कोशात टीखाली मिळत नाही आणि मुले शोध सोडून देतात. टीत नसेल तर पीकडे जावे: पी-एसचे शब्द संपल्यावर, पी-यूचे सुरू होण्याआधी.

दोन शब्द डोळ्यांच्या दवाखान्यातले. टोसिस म्हणजे वरची पापणी खाली उतरणे. ती उचलणारा स्नायू किंवा त्याचा मज्जातंतू दुबळा असला की असे होते. टेरिजियम म्हणजे आपण ज्याला वडस म्हणतो तो, बहुधा नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर सरकणारा त्रिकोणी पडदा. उन्हात, धुळीत, वाऱ्यात काम करणाऱ्यांना तो जास्त होतो. ग्रीकमध्ये पहिल्याचा अर्थ ‘पडणे’, दुसऱ्याचा ‘छोटा पंख’. पडणे आणि पंख यांचा काय संबंध?

इथे संस्कृतची वही उघडावी. पत् धातूचे अर्थ दोन: उडणे आणि पडणे. एका अंगाने पतन, पतित. दुसऱ्या अंगाने पतंग. ‘पत्र’ म्हणजे पान हे सगळ्यांना माहीत, पण त्याचा पंख हाही अर्थ आहे. म्हणून पक्ष्याला पत्ररथ म्हणतात. ग्रीकमध्ये हाच धातू ‘पेत्’ असा दिसतो. त्यातला स्वर गळला की प आणि त एकमेकांना चिकटतात, आणि तीच जोडी इंग्रजीत पी-टी म्हणून आली. स्वर असा गळतो यावर विश्वास बसत नसेल तर पत् चे लुङ् लकारातले, म्हणजे भूतकाळाचे, रूप पाहा: अपप्तत्. पाणिनीने त्यासाठी ‘पतः पुम्’ असे स्वतंत्र सूत्र दिले आहे. ग्रीकचा हा पेच आपल्या घरातल्याच रूपाने उलगडतो, याचा मला आजही आनंद होतो.

एकदा हा धातू हाती आला की शब्द रांगेने येतात. टेरोडॅक्टिल: पंख आणि बोट, कारण त्या प्राण्याचा पंख एका लांब बोटावर ताणलेला असे. टेरिडोलॉजी: नेच्यांचा अभ्यास, पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर नेचे दिसले तर पानाची पिसासारखी ठेवण पाहून घ्यावी, नाव त्यावरूनच पडले. पडण्याच्या बाजूला टोमेन आहे. ग्रीक ‘प्तोमा’ म्हणजे पडलेला देह, प्रेत. कुजणाऱ्या मांसात तयार होणाऱ्या रसायनांना हे नाव मिळाले आणि अन्नाच्या विषबाधेचे खापर पुष्कळ वर्षे त्यांच्यावर फुटत राहिले. खरे कारण जंतू आणि त्यांची विषे.

शब्दाच्या पोटात गेला की पी बोलू लागतो. हेलिकॉप्टरची फोड ‘हेली’ अधिक ‘कॉप्टर’ अशी केली जाते, ती चूक. खरी फोड ‘हेलिको’ अधिक ‘प्टर’: मळसूत्र आणि पंख. लेपिडॉप्टेरा म्हणजे खवल्यांच्या पंखांची फुलपाखरे, डिप्टेरा म्हणजे दोन पंखांच्या माश्या आणि डास. गणितातला अ‍ॅसिम्प्टोट हा ‘एकत्र न पडणारा’: वक्राच्या जवळ जवळ जाणारी, पण त्याला न मिळणारी रेषा. आजाराचे सिम्प्टम म्हणजे सोबत येऊन पडलेले.

सगळे पी-टी मात्र एका कुळातले नाहीत, आणि चूक होते ती इथेच. टायलिन हे लाळेतले विकर, पिष्टमय पदार्थ फोडणारे. त्याचा धातू थुंकण्याचा. टिझॅन हा जुना औषधी काढा, मुळात कांडून टरफल काढलेल्या जवाचे पाणी. तो कांडण्या-दळण्याच्या धातूवरचा, आपल्या ‘पिष्ट’ आणि ‘पीठ’ यांचा नातलग. टार्मिगन हा थंड प्रदेशातला, हिवाळ्यात पांढरा होणारा पक्षी. त्याचे नाव स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतले, त्यात पी नव्हताच. शब्द ग्रीक असावा असे समजून सतराव्या शतकात तो उगाच चिकटवला गेला. उलट पेन आणि फेदर यांत पी-टीची जोडी दिसतही नाही, तरी दोन्ही पत् च्याच कुळातले. पाकळीचा ‘पेटल’ मात्र पसरण्याच्या धातूचा. नुसत्या नादावरून नाते जुळवू नये, कोशातली व्युत्पत्ती पाहावी.

त्यासाठी कोश तसा हवा. अप्पा बळवंत चौकात कोश विकत घ्यायला गेलात तर मुखपृष्ठावरचा शब्दांचा आकडा पाहू नका. पी-टीचे पान उघडा आणि टोसिस काढा. अर्थाबरोबर चौकटी कंसात मूळ ग्रीक शब्द दिला असेल तर तो घ्या. संस्कृतसाठी वामन शिवराम आपटे यांचा कोश शेजारी ठेवा आणि त्यात पहिल्यांदा ‘पत्र’ काढून पाहा.