मसाल्याच्या नावाचा ट्रेडमार्क: माझा अनुभव

नागपूरच्या खामल्यात मी घरी सावजी मसाला करून विकते. पुड्यावर नाव आहे ते माझ्या आजीला गल्लीत ज्या नावानं हाक मारायचे ते. इन्स्टाग्रामवर रील टाकायला लागले तशा ऑर्डरी वाढल्या. मग एका जुन्या गिऱ्हाईक काकूंनी विचारलं, "तुमचा पुडा इतवारीतही भेटते का जी आता? चव तं वेगळीच लागली." पुडा आमचा नव्हताच. नाव जवळपास तेच, लाल रंगही तोच. मला फार लागलं ते. लगेच ट्रेडमार्कच्या, म्हणजे नावाच्या कायदेशीर नोंदणीच्या, मागे लागले.

वकीलताईंनी आधीच सांगितलं की 'सावजी' किंवा 'नागपुरी' यावर हक्क मागायचा नाही. माल कुठला, कशाचा हे सांगणारा शब्द १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ मध्ये अडकतो. मला ते पटलं. सावजी चव हलबा कोष्टी घरांतून आली, ती माझ्या एकटीची कशी होईल? नागपुरी संत्र्याचं भौगोलिक मानांकनही एका बागायतदाराचं नाही. आजीचं नाव मात्र आमचंच.

सरकारी संकेतस्थळावर नावाचा शोध फुकट घेता येतो. नुसत्या स्पेलिंगनं नाही, उच्चारानंही शोधा. नोंदणीसाठी मालाचे वर्ग ठरलेले आहेत, मसाले वर्ग ३० मध्ये येतात. टीएम-ए या नोंदणीच्या अर्जाची ऑनलाइन फी व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये, मोठ्या कंपन्यांना ९,०००. नागपूरचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. आम्ही लोगो नाही, नुसतं नाव नोंदवलं. उद्या पुड्याची डिझाइन बदलली तरी संरक्षण राहतं.

खरं काम पुढंच होतं. नाव आधीपासून वापरतोय म्हटलं की प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. नाव छापलेल्या पाऊचचं प्रेसचं बिल सगळ्यात मोलाचं ठरलं. त्यासोबत महिला बचत गटाच्या प्रदर्शनातल्या स्टॉलचे फोटो, व्हॉट्सॲप कॅटलॉग आणि इन्स्टाग्रामच्या जुन्या पोस्ट, तारखेसकट. लोखंडी कढईत दगडफूल भाजतानाचा एक साधा व्हिडिओ होता, मागे ओट्यावर पुडे रचलेले, नाव स्पष्ट वाचता येणारं. जाहिरात म्हणून टाकलेला तो व्हिडिओ सरळ पुराव्यात गेला. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, प्रत्येक फोटोत पुडा आणि नाव दिसू द्या, जुन्या पोस्ट पुसू नका.

ट्रेडमार्क कार्यालयाच्या परीक्षण अहवालात कलम ११ चा आक्षेप आला, कारण त्याच वर्गात चहासाठी मिळतंजुळतं नाव होतं. उत्तराला एक महिना मिळतो. माल वेगळा आणि आमचा वापर जुना, हे त्याच पुराव्यांवर मांडलं. सुनावणी व्हिडिओवरच झाली. मग कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्धी आणि कुणी विरोध करतं का याची चार महिने वाट. नोंदणी १० वर्षांची, पुढं नूतनीकरण. अर्ज केल्यावर 'टीएम' लावता येतं. गोलातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावणं गुन्हा आहे.

इतवारीतल्या विक्रेत्याला नोटीस गेली, त्यानं पुडे बदलले. आता लोणचं सुरू करतेय. ते वर्ग २९ मध्ये येतं, म्हणजे वेगळी फी. लेबलच्या छपाईचं बिल आणि पहिल्या बरण्यांचे फोटो फाइलला लावून ठेवलेत.