पानाचा कोपरा

भयकथेच्या बाबतीत मी माझ्या मतापेक्षा माझ्या उजव्या अंगठ्यावर जास्त विश्वास ठेवते. मत बनताना लेखकाचं नाव आड येतं, त्याच्या मागच्या पुस्तकाचा लोभ आड येतो, चक्क किंमतही आड येते. अंगठ्याला यातलं काही ठाऊक नसतं. कॉमिकच्या उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्याशी तो येतो, कागदाखाली सरकतो, कागद जरासा उचलतो आणि थांबतो. थांबला, तर पुस्तक चांगलं. न थांबता पान उलटून मोकळा झाला, तर चित्रात कितीही रक्त सांडलेलं असू दे, मी परीक्षणात ‘चित्रं देखणी आहेत’ असं लिहिते. स्थळाबद्दल विचारल्यावर ‘स्वभावाने गरीब आहे हो’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. कळायचं त्याला कळतं.

एका लहानशा मासिकात मला महिन्याला एक पान मिळतं. विज्ञानकथा, भयकथा, अद्भुतकथा असल्या नव्या कॉमिक्सची ओळख करून द्यायची. शब्द तीनशे, डोक्यावर पाचपैकी तारे. मासिक कृष्णधवल. मानधनात पुस्तकाच्या कुरिअरचा खर्च सुटतो, पुस्तकाचा नाही. अमेरिकेत नवे अंक बुधवारी दुकानात येतात म्हणे आणि लोक त्या दिवशी ठरवून जातात. माझ्याकडे ते कधी येतील ते कुरिअरवाल्याच्या आणि पावसाच्या मर्जीवर. त्यामुळे आमच्या मासिकात ‘नवं’ म्हणजे माझ्या हाती नवं, एवढाच अर्थ घ्यायचा. आई या सगळ्याला ‘तुझं ते चित्रांचं’ म्हणते. “झालं का तुझं ते चित्रांचं? मग कुकर लाव.”

अंगठ्याची गोष्ट मी गमतीने सांगत नाही. सिनेमावाल्याला अंधार करता येतो, संगीत चढवता येतं, काहीच नाही तर पडद्याआडून मांजर अंगावर टाकता येतं. कॉमिकवाल्याकडे यातलं एकही हत्यार नाही. वाचणारा किती वेगाने वाचेल तेसुद्धा त्याच्या हातात नाही. वर समोरासमोरची दोन पानं आपल्याला एकदम दिसतात. डाव्या पानावर बाई दार उघडतेय आणि उजव्यावर दारामागचं दिसतंय, असं असेल तर डोळा आधी पलीकडेच पळणार. म्हणून दार ठेवायचं उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत आणि दारामागचं ठेवायचं पान उलटल्यावर. एवढी एकच जागा त्याच्या मालकीची. बाईचा हात कडीवर असतो, पण दार आपल्याला उघडावं लागतं.

जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, तेव्हा त्यासाठी मला डावा अंगठा नेमावा लागतो. तो बिचारा नवशिका, लवकर घाबरतो. जुन्जी इतोचं ‘उझुमाकी’ मी त्याच्याच भरवशावर वाचलं. १९९८-९९ मध्ये एका जपानी साप्ताहिकात क्रमशः आलेलं हे काम, म्हणजे माझ्या हिशेबानेसुद्धा नवं नव्हे. पण त्यावरची अ‍ॅनिमेशन मालिका २०२४ मध्ये आली आणि ते निमित्त मला पुरलं. कुरोझु-चो नावाच्या गावाला सर्पिल आकाराची बाधा होते. भूत नाही, राक्षस नाही, नुसता आकार. सुरुवातीलाच किरिए नावाच्या मुलीला तिच्या मित्राचे वडील बोळात उकिडवे बसलेले दिसतात. भिंतीवर एक गोगलगाय आहे, तिच्या शंखाकडे ते एकटक बघतायत. ती हाक मारते, त्यांना ऐकू जात नाही. झालं, इतकंच. मग घरात असल्या आकाराच्या वस्तू जमायला लागतात. मग एक लाकडी, गोल, मोठी कुंडी घरी येते. त्या कुंडीच्या झाकणाशी माझा डावा अंगठा जो थांबला, तो मी पाणी पिऊन येईपर्यंत थांबला. पुढचं सांगणार नाही.

हे वाचून परीक्षण लिहायला बसले ते नेमकं दिवाळीच्या तोंडावर. आई ओट्याशी सोऱ्या घेऊन चकल्या पाडत होती. कागदावर एक वेढा, दुसरा, तिसरा, शेवटचं टोक बोटाने दाबून बंद. मी लॅपटॉप बाजूला ठेवला.

“काय झालं गं?”

“काही नाही. गोष्टीत एका गावाला असल्या वेटोळ्यांनी पछाडलंय.”

तिने चकली कढईत सोडली, झाऱ्याने जरा हलवली. “मग तू शेव खा.”

त्या आठवड्यात मला डासांची कॉइल लावता येईना, उंबऱ्यापुढची रांगोळी बघवेना, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकदा दिव्याखाली पान धरलं तर कोपऱ्यावर टेकलेल्या माझ्याच अंगठ्यावर तो आकार होता, रेघ न् रेघ. मी साडेचार तारे दिले. अर्धा तारा झोपेचा कापून घेतला.

भीतीशी आमची ओळख तशी जुनी. मराठी मुलांच्या वाट्याला एक नव्हे, तीन वेताळ येतात. आजोळी कोकणात आरवलीचा वेतोबा. त्याला नवसाच्या भल्यामोठ्या चपला वाहतात आणि रात्री तो त्या घालून गावाची राखण करतो, त्यामुळे त्या झिजतात, असं मला सांगितलेलं. त्याची भीती नाही वाटायची, आधारच वाटायचा. दुसरा ‘चांदोबा’तला. राजा विक्रम हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेऊन चाललाय, हे शंकर यांचं चित्र दर महिन्याला तेच, तरी दर महिन्याला मी ते तळहाताने झाकून शेजारचा मजकूर वाचायची. आणि तिसरा घट्ट कपडे घालून पांढऱ्या घोड्यावर बसणारा, मुक्का मारला की जबड्यावर कवटीचा ठसा उमटवणारा, ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला. ली फॉकच्या फँटमला मराठीत वेताळ कोणी केलं असेल, त्याला मनापासून नमस्कार. इंद्रजालचा पहिला अंक १९६४ चा, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. ते १९९० मध्ये बंद पडलं तेव्हा मी चौथीत होते. गल्लीतल्या वाचनालयात दिवसाला दहा पैसे भाडं. भाऊ पैसे द्यायचा, म्हणून पहिला तो वाचणार, आणि वाचतावाचता मला पुढचं सांगत राहणार. पान उलटण्याआधीच गोष्ट फोडणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात जी अढी आहे, ती तिथली आहे.

आता तोच माझा धंदा झालाय, ही आणखी एक गंमत. तीनशे शब्दांत गोष्ट सांगायची आणि सांगायची नाही. त्यातून अमेरिकी मासिक अंकात गोष्टीची पानं असतात वीस-बावीस. गोष्ट पाच-सहा अंकांनी कुठे आकाराला येते. पहिल्या अंकावर मत देणं म्हणजे साखरपुड्याचं जेवण जेवून संसार कसा होईल ते सांगणं. ‘सागा’ २०१२ मध्ये सुरू झालं. ब्रायन के. व्हॉन लिहितो, फियोना स्टेपल्स काढते. एक पंखवाल्यांचं जग, एक शिंगवाल्यांचं, दोघांचं हाडवैर, आणि दोघांतल्या दोघांनी पळून जाऊन मांडलेला संसार. यान आहे, पण ते लाकडाचं, झाडासारखं रानात उगवलेलं. पोर सांभाळायला भूत आहे, तेही कमरेखाली नुसती आतडी लोंबणारं. विज्ञानकथा, अद्भुतकथा की भयकथा, असे रकाने पाडणाऱ्या माझ्यासारखीची पंचाईतच. मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं, तर अक्षर. गोष्ट सांगते ती त्यांची मुलगी, आणि तिचं बोलणं चौकटीत कोंबलेलं नसतं. फियोनाने ते स्वतःच्या हाताने, थेट चित्रावर लिहिलंय. घरात रांगतं मूल असलं की भिंतीवर पेन्सिलीचं काहीतरी असतंच, तसं. २०१८ मध्ये एका भलत्याच वळणावर आणून दोघांनी सुट्टी घेतली ती थेट २०२२ च्या जानेवारीपर्यंत. साडेतीन वर्षं माझा अंगठा त्या कोपऱ्यावर. तारे कशाला द्यायचे, थांबण्याला?

गोष्ट फोडायची नाही हा नियम मी एकदाच जाणूनबुजून मोडला, आणि इथेही मोडते. सत्तर वर्षं उलटलीत. अमेरिकेत पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ईसी नावाच्या प्रकाशनाची भयकथांची आणि विज्ञानकथांची कॉमिक्स धो धो खपत होती. मुलं बिघडतात म्हणून बोंब उठली, सिनेटपुढे सुनावण्या झाल्या, आणि १९५४ मध्ये प्रकाशकांनी घाबरून स्वतःच स्वतःला एक आचारसंहिता घालून घेतली. नावात ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्द नकोत. रक्तपिपासू नकोत, लांडगामाणूस नको, थडग्यातून उठलेली प्रेतं नकोत. १९७१ मध्ये नियम सैलावले तेव्हा बाकीचे सुटले, झाँबी मात्र अडकलेलेच राहिले. म्हणून एका मोठ्या प्रकाशनाने त्यांना ‘झुव्हेंबी’ म्हणायला सुरुवात केली आणि प्रेतं बिनबोभाट चालू लागली. आमच्याकडे उपासाला बटाटा चालतो, तसा हिशेब.

तर ईसीची ‘जजमेंट डे’ ही गोष्ट, पहिल्यांदा छापलेली १९५३ मध्ये. अल फेल्डस्टीनचे शब्द, जो ऑर्लंडोची चित्रं. पृथ्वीवरून एक तपासनीस यंत्रमानवांच्या ग्रहावर येतो. तिथे नारिंगी यंत्रमानव आणि निळे यंत्रमानव. निळ्यांची वस्ती वेगळी, कामं वेगळी, बसमध्ये बसायची जागा मागे. तपासनीस कारखाना बघतो, तर आतली यंत्रं तंतोतंत एकच, फक्त वरचा पत्रा निराळ्या रंगाचा. तो सांगतो, तुमची अजून तयारी नाही, आणि यानात बसून परत निघतो. गोष्टभर त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे, चेहरा दिसलेला नाही. अगदी शेवटच्या चौकटीत तो ते काढतो. माणूस काळा आहे, कपाळावर घामाचे थेंब आहेत आणि ते दूरच्या ताऱ्यांसारखे लुकलुकतायत.

हीच गोष्ट ईसीने १९५६ मध्ये पुन्हा छापायला घेतली, तर संहितेच्या अधिकाऱ्याने अडवली. माणूस काळा नको. अहो, पण गोष्टच ती आहे. बरं, मग निदान घाम तरी काढा. प्रकाशक बिल गेन्स भडकला, कोर्टात खेचायची भाषा केली आणि घामासकट गोष्ट छापली. तो ईसीचा शेवटचा कॉमिक अंक. त्यानंतर त्यांच्याकडे ‘मॅड’ हे विनोदी नियतकालिक तेवढं उरलं. निळ्यांची वस्ती वाचताना मला आजोळच्या गावची दुसरी विहीर आठवली होती. ते मी तेव्हा परीक्षणात लिहिलं नाही, तीनशे शब्द संपले होते. खरं म्हणजे संपले नव्हते.

ईसीचं नाव २०२४ मध्ये ओनी प्रेसने पुन्हा वर काढलंय, ‘एपिटाफ्स फ्रॉम द अ‍ॅबिस’ आणि ‘क्रुएल युनिव्हर्स’ या दोन मालिकांनी. मुखपृष्ठं फक्कड. गोष्टी काही चटका लावणाऱ्या, काही नुसत्याच चटपटीत. शेवटच्या चौकटीचा दणका देण्याचं तंत्र सगळ्यांना येतं. पण अडवणारं कोणी नसलं की कपाळावरचा घाम नुसता घाम राहतो, असं मला वाटलं. अंगठा दोनदा थांबला. तीन तारे.

आणि ‘अ‍ॅब्सोल्यूट मार्शन मॅनहंटर’ने तर माझी वेगळीच फजिती केली. २०२५ ची मालिका, डेनिझ कॅम्प आणि चित्रकार हाविएर रॉद्रिगेस. जॉन जोन्स नावाच्या एफबीआयच्या माणसाला एका स्फोटातून वाचल्यावर लोकांच्या मनातलं दिसू लागतं, डोक्यातून निघणाऱ्या रंगीत धुरासारखं. अख्खी गोष्ट रंगावर पेललेली. आमचं मासिक कृष्णधवल. नमुन्याचं पान छापून आलं, त्यात एक माणूस आणि सगळीकडे राखाडी ढग. एका वाचकाने फोन करून विचारलं, “ताई, हे प्रदूषणावर आहे का?”

मोबाइलवर वाचावं म्हटलं, तर माझ्याकडचं अ‍ॅप एकेक चौकट मोठी करून दाखवतं. सोय म्हणे. बोट टेकवलं की पुढची, टेकवलं की पुढची. कोपरा नाहीच, उचलायला कागद नाही, सगळी दारं सारख्याच अंतरावर. तिथे बऱ्या पुस्तकांनाही माझ्याकडून अडीचच तारे गेलेत, त्यांची मी इथे माफी मागते.

मागच्या महिन्यातलं एक पुस्तक मात्र कागदाचंच होतं. नवी भयकथा, नाव सांगत नाही. मी अर्ध्या तासात संपवलं. संवाद भरपूर, फुग्याला फुगा लागलेला, अंगठा एकदाही अडला नाही. ‘चित्रं देखणी आहेत’ लिहिलं, दोन तारे दिले आणि जेवायला उठले.

हात धुऊन परत आले तर आई चष्मा लावून तेच घेऊन बसली होती. तिला इंग्रजी येत नाही. ती फुगे सोडून देऊन नुसती चित्रं बघत होती, सावकाश, एकेका चौकटीत तोंड घालून. मी वाचलेल्या कितीतरी पानांवरून ती मागे गेली, पुन्हा पुढे आली. “ही मुलगी आधीच्या पानावर आरशात दिसत नव्हती,” ती म्हणाली. मी वाकून बघितलं. खरंच नव्हती.

मग ती उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्याशी आली. अंगठा कागदाखाली गेला, कागद जरासा उचलला गेला.

“उलट ना,” मी म्हटलं.

तिने पुस्तक मिटलं आणि फडताळावर, देवांच्या तसबिरीपासून जरा लांब ठेवलं. “राहू दे. उद्या उजेडी बघेन.”

परीक्षण अजून पाठवलेलं नव्हतं. मी लॅपटॉप पुन्हा उघडला.