जवसाची शब्दवही: रिपल ते हेकल

जवसाच्या काडीतून लिननचा धागा काढण्याच्या कामातल्या इंग्रजी शब्दांची ही वही. या खेपेला तिची मांडणीच बदलली. शब्द आधी अकारविल्हे होते, आता कामाच्या क्रमाने आहेत आणि प्रत्येक टप्प्याला तीन रकाने आहेत: हत्यार, क्रिया आणि त्यातून वेगळं निघालेलं जे काही. तिसऱ्या रकान्यामुळे बरेच घोळ निस्तरले, कारण या धंद्याच्या जुन्या इंग्रजीत कचऱ्याला फार नेमकी नावं आहेत.

रिपल: फळीवर उभी ठोकलेली लोखंडी दातांची फणी. मूठभर काड्यांचे शेंडे तीतून ओढायचे. गळतात ते बोल, म्हणजे बोंडं. १६११ च्या इंग्रजी बायबलात (निर्गम ९:३१) जवस ‘बोल्ड’ होतं असं आहे ते यावरूनच. धीटपणाशी संबंध नाही. पाण्यावरच्या तरंगाचा रिपलही निराळा. बोंडं कुटून रिडलमधून, म्हणजे भरड चाळणीतून काढतात आणि मग उपणतात. या रिडलचं जुनं रूप ‘ह्रिडेल’, कोड्याच्या रिडलचं ‘रॅडेल्स’. दोन्ही एका नोंदीत घालू नका.

रेट: काड्या भिजवून साल सुटी करणं. ‘रॉट’च्याच, म्हणजे कुजण्याच्या घरातला शब्द. जिवाणू काडीतलं पेक्टिन खातात, साल आणि गाभा सुटे होतात. २५ ते ३० अंशांच्या पाण्यात साधारण ४ ते ७ दिवस, थंड तळ्यात दोन आठवड्यांपर्यंत, दवावर पसरल्यास ३ ते ६ आठवडे. जुड्या सैल बांधून उभ्या ठेवायच्या, वर दगड, आणि तळाच्या चिखलाला टेकू द्यायच्या नाहीत. टाकीत करत असाल तर पहिलं काळपट पाणी काही तासांत काढून टाका. जाड-बारीक काड्या आधीच निवडून वेगळ्या करा, एकाच पाण्यात त्यांचा वेळ जुळत नाही. तपासणी अशी: चार काड्या काढून खडखडीत वाळवा, मधोमध मोडा, गाभ्याचा तुकडा ओढा. सरळ निघून आला तर जुड्या काढायच्या. चिकटून राहिला तर अजून कच्चं. धागाच पटकन तुटला तर उशीर झाला, त्याचा टो, म्हणजे आखूड भरड धागा, तेवढा होईल.

१५४१ साली, इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या काळात, गुरं पाणी पितात अशा नद्या-ओढ्यांत जवस आणि हेम्प (भांगेच्या जातीचं धाग्याचं पीक) भिजवायला कायद्याने बंदी झाली. त्या कायद्यात क्रियापद ‘वॉटर’ आहे. जुने कागद चाळताना फक्त ‘रेट’ शोधलंत तर निम्मं हातचं जाईल. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरमध्ये जुडीला ‘बीट’ आणि भिजवायच्या तळ्याला ‘लिंट डॅम’ म्हणत.

ब्रेक आणि स्कच: ब्रेक म्हणजे बिजागरीवर हलणाऱ्या लाकडी पात्या. त्यात गाभा चुरडतो. निघतो त्या चुऱ्याला शाइव्ह किंवा बून म्हणतात. आपल्याकडच्या सणकाडीशी ताडून पाहिलं की फरक डोळ्यांत भरतो. सणाची साल ओली असतानाच सोलतात, म्हणून काडी अख्खी हातात येते. जवस वाळवून मोडतात, म्हणून बारीक तुकडे. हवा दमट असेल तर ब्रेकला हातच लावू नये. काडी मोडण्याऐवजी वाकते आणि शाइव्ह धाग्यातच चेपून बसतं.

मग उभ्या फळीवर धागा लोंबता धरून लाकडी तलवारीने झोडायचा. हे स्कचिंग. त्याआधीचा शब्द स्विंगल. पात्याची धार बोथटच हवी, आणि फटका फळीला लागून वरून खाली, घासत. आडवा बसला की लांब धागे तुटतात. इथे एक सापळा आहे: मळणीच्या दांडक्याचा मोकळा हलणारा तुकडाही ‘स्विंगल’च. शेतीच्या अवजारांच्या यादीत तो शब्द दिसला म्हणून तिथे जवस होतं असं धरू नये.

हेकल: हॅकल, हेकल, हॅचेल, सगळी एकाच खिळ्यांच्या पाटाची नावं. आधी विरळ खिळे, मग दाट. मूठ मधोमध धरून आधी टोकं विंचरायची, हळूहळू आत सरकायचं, मग मूठ उलटून दुसरी बाजू. थेट दाट पाटावर गेलात तर गुंता होतो आणि निम्मा माल टोमध्ये जातो. हातात उरतो तो लांब धागा, ‘लाइन’. त्याची पिळून ठेवलेली लड म्हणजे ‘स्ट्रिक’. दातांत अडकतो तो आखूड ‘टो’. ओढण्याच्या ‘टो’शी त्याचं नातं नाही. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स १७८१ मध्ये अर्व्हाइनला हेच काम शिकायला गेला होता. सभेत वक्त्याला प्रश्नांनी विंचरून काढणं, तेही ‘हेकल’, याच पाटावरून आलं. स्कॉटलंडमधल्या डंडीचे हेकलर, म्हणजे हे काम करणारे, राजकारणात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होते.

‘हार्ड्स’ अजून अधांतरी आहे. जुनं रूप ‘हेओर्डान’, अर्थ भरड धागा. पण कुठे ते स्कचिंगचा कचरा असतं, कुठे हेकलचा टो. तूर्त दोन्ही ओळींत पेन्सिलीने लिहिलंय. कुणाकडे परगण्यागणिक वापर असेल तर टप्पा लिहून पाठवा, नुसता अर्थ नको. पुढे डिस्टाफ, म्हणजे कातायचा धागा गुंडाळून ठेवायची काठी, घ्यायचंय.