फोर बाय फोर टोचन करताय? आधी छोटा गिअर बघा

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी गॅरेज असलं की पावसाळ्यात कसले फोन येतात ते वेगळं सांगायला नको. क्लच जळला, रेडिएटर तापला, पाण्यातून घातली नि बंद पडली. साधी कार असेल तर मी फार चौकशी करत नाही. पण थार, जिप्सी, जुनी एमएम ५४० असलं काही असेल, तर फोनवरच विचारतो: गाडी चढावर आहे की सपाटीला, आणि छोटा गिअर कुठे आहे? दुसऱ्या प्रश्नाला हल्ली बरेच जण गप्प होतात. "दादा, त्याला कधी हातच लावला नाही." गाडी मात्र फोर बाय फोरच हवी असते.

छोटा गिअर म्हणजे ट्रान्सफर केसचा, गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीचा. थारमध्ये त्यावर टू-एच (दोन चाकांना ताकद), फोर-एच (चारही चाकांना), एन (न्यूट्रल), फोर-एल (चारही चाकांना, हळू पण जोरात) असं लिहिलेलं असतं. टोचनाच्या वेळी आपल्याला हवा तो एन. नुसता मोठा, म्हणजे नेहमीचा, गिअर न्यूट्रल केला तर चाकांबरोबर गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरत राहतो, पण इंजिन बंद असल्यामुळे खालचे गिअर थांबलेले असतात आणि त्यांनी वर उडवायचं तेल उडत नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत नेलीत तर काही होणार नाही. तशीच कराडपर्यंत ओढलीत तर बेअरिंग गेलंच म्हणून समजा. ट्रान्सफर एनला टाकला की गिअरबॉक्स चाकांपासून सुटतो.

आणि इथेच खरा धोका आहे. ट्रान्सफर एनला गेला की मोठा गिअर पहिल्यात असो नाहीतर ऑटोमॅटिकचा पी (पार्किंग) लावलेला असो, गाडी मोकळी. उतारावर ती चालू पडते आणि समोर उभा राहून शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) लावणारा माणूस मध्ये सापडतो. म्हणून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी हँडब्रेक, मग चाकांना दगड, मग दोर, आणि सगळ्यांत शेवटी एन. पोरं घाई करतात, त्यांना मी ओरडतो. ओरडा खाल्लेला परवडतो.

कधी कधी छोटा गिअर निघतच नाही. डांबरी रस्त्यावर फोर-एचमध्ये चालवलेली गाडी असेल तर हमखास. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. चिखलात चाक घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर तसं होत नाही, आणि सगळा ताण पिळलेल्या पंच्यासारखा शाफ्टमध्ये साठून राहतो. इंजिन चालू असतं तर थोडी मागे घेतली की लिव्हर सुटते. बंद गाडीत लोक लिव्हरवर लाथा घालतात, ते नको. जागा सपाट असेल तर बाकीच्या चाकांना दगड लावून एक चाक जॅकवर घ्यायचं. टायर जमिनीवरून सुटला की झटका देऊन थोडा फिरतो, त्यामुळे हात लांब ठेवायचा. मग तीच लिव्हर दोन बोटांनी निघते. ट्रान्सफरच फुटला असेल तर चाकांकडे ताकद नेणारे दोन्ही दांडे, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, खोलावे लागतात. खोलण्याआधी जोडाच्या चकतीवर (फ्लँजवर) रंगाची खूण करून ठेवा, नाहीतर परत बसवल्यावर गाडी थरथरते.

हे सगळं लिव्हरवाल्या गाड्यांचं झालं. नव्या एसयूव्हींत बटण किंवा गोल खटका असतो. काहींत न्यूट्रल मिळतच नाही, काहींत मिळतं पण त्याला बॅटरी जिवंत लागते. कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांचं तर आणखी अवघड. क्रेनवाला सवयीने पुढची दोन चाकं उचलतो आणि मागची रस्त्यावर फिरवत नेतो. पुढचा शाफ्ट थांबलेला, मागचा पळतोय, मधलं कपलिंग किंवा डिफरन्शियल तापून जातं. एकदा अशी एक गाडी माझ्याकडे आली होती. पडली होती फक्त फ्युएल पंपामुळे, पण ओढून आणताना कपलिंग जळालं. मालकाला बिल दाखवताना मलाच अवघडल्यासारखं झालं. अशा गाडीची चारही चाकं जमिनीवरून सुटायला हवीत, म्हणजे फ्लॅटबेड, अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक. ऑटोमॅटिक असली तर छोटा गिअर असूनही मी फ्लॅटबेडच मागवतो. गाडीचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकसकट पडलेलं असतं. टोचनाचं पान एवढं तरी वाचा.

दोराबद्दल थोडं. रुतलेली गाडी काढायचा ताणणारा दोर वेगळा आणि रस्त्यावर टोचन करायचा पट्टा वेगळा. ताणणारा दोर टोचनाला लावला की मागची गाडी झोके खात येते. साखळी अजिबात ताणत नाही, प्रत्येक हिसका सरळ चॅसीला बसतो. दोर बांधायचा तो गाडीच्या टो हुकलाच. बंपर, स्टिअरिंगचा रॉड, ट्रेलरचा गोळा, यांतलं काहीही नाही. तो गोळा ताणाखाली तुटला तर गोळीसारखा सुटतो. मी पाऊण इंची बो शॅकल वापरतो, पावणेपाच टनांचा शिक्का असलेला, आणि दोरावर मधोमध ओलं गोणपाट टाकतो. तुटला तर निदान उसळून काचेवर येत नाही. दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, हा नियमच आहे. मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस हवा आणि तिच्या पाठीवर 'ऑन टो' अशी पाटी, पांढऱ्यावर काळी, अक्षरं निदान ७५ मिलिमीटर उंच. पाटी मी आजवर फार थोड्या गाड्यांवर पाहिली आहे.

मागच्या गाडीत बसणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: चावी ऑनवर, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद म्हणजे ब्रेक दोन-तीनदा नेहमीसारखा लागेल, मग पेडल दगडासारखं. स्टिअरिंगही जड. दोर सैल पडायला लागला की त्यानेच हलका ब्रेक धरायचा, पुढच्याने नाही. पुढच्याने पंचविसाच्या वर जायचं नाही.

आता घाट. वर कुठेतरी बंद पडलेली गाडी लोकांना खाली चिपळूणला आणायची असते, आणि मी ती दोरावर आणत नाही. उतारावर दोर सैल पडतो, मागच्याचे ब्रेक जड, धुक्यात पुढची गाडी दिसत नाही. लोखंडी दांडा लावला तरी दोन गाड्यांचं वजन एकाच गाडीच्या ब्रेकवर येतं, आणि पायथ्याच्या पोफळीपर्यंत ते ब्रेक वास मारायला लागतात. मी फक्त वळणाबाहेर, रुंद जागेपर्यंत ओढून ठेवतो आणि फ्लॅटबेडची वाट बघतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, "एवढ्याशा अंतराला एवढे पैसे?" म्हणतं. कुरकुरू दे.

पोचल्यावर शॅकलकडे धावू नका. हँडब्रेक, दगड, छोटा गिअर एनमधून परत टू-एचला, मोठा गिअर पहिल्यात. गाडी थोडी ढकलून बघा. हलली नाही तरच दोर सोडा.