श्रीयंत्र हाताने काढताना

बाजारातलं तांब्याच्या पत्र्यावरचं श्रीयंत्र भिंगाखाली धरून पाहा. तीन रेघा जिथे एकाच ठिकाणी मिळायला हव्यात, तिथे बऱ्याचदा तांदळाच्या कणीएवढा फालतू त्रिकोण उरलेला दिसतो. दोन रेघा भेटतात ती संधी, तीन भेटतात ते मर्म. शिव आणि शक्ती एकमेकांत गुंतलेत, हे या आकृतीत मर्मांवरच दिसतं. ती सुटली की उरते नुसती नक्षी.

टोक वर असलेले 4 त्रिकोण शिवाचे, खाली असलेले 5 शक्तीचे. सौंदर्यलहरी या देवीच्या स्तोत्राच्या 11व्या श्लोकात हीच गणती आहे. त्यांच्या छेदांतून 43 लहान त्रिकोण होतात: बाहेरून 14, 10, 10, 8 आणि मधला 1.

A3 कागद पुरत नाही, पूर्ण चार्ट पेपर घ्या. 24 सेंमी व्यासाचं वर्तुळ काढून उभा व्यास आखा आणि त्याचे 48 भाग करा, म्हणजे एक भाग अर्ध्या सेंमीचा. वरून 6, 12, 17, 20, 23, 27, 30, 36 आणि 42 या खुणांवर 2H पेन्सिलने आडव्या रेघा मारा. वरून त्यांना 1 ते 9 म्हणू.

आधी दोन मोठे त्रिकोण: रेघ 3 ची दोन्ही टोकं वर्तुळाच्या तळाला जोडा, रेघ 7 ची माथ्याला. बाकीच्यांची टोकं वर्तुळापर्यंत जात नाहीत. किती भाग पुसायचे याचे आकडे पोथ्यांत असतात, पण मर्मावरून टोक शोधणं जास्त भरवशाचं. माथ्याच्या त्रिकोणाची बाजू रेघ 2 ला छेदते त्या बिंदूतून, रेघ 6 च्या मध्यापासून वर रेघ मारा; ती रेघ 1 ला जिथे लागेल ते तिचं टोक. तीच बाजू रेघ 3 ला छेदते तिथून, 9 च्या मध्यापासून, रेघ 2 चं टोक मिळतं. खाली तळाच्या त्रिकोणाची बाजू घ्या: रेघ 7 वरच्या छेदातून, 1 च्या मध्यापासून, 8 चं टोक, रेघ 8 वरच्या छेदातून, 3 च्या मध्यापासून, 9 चं.

आता आतल्या तीन. रेघ 4 ही 8 च्या त्रिकोणाच्या बाजूंवर थांबते, शिखर 8 च्या मध्यावर. रेघ 6 ही 2 च्या बाजूंवर, शिखर 2 च्या मध्यावर. रेघ 5 शेवटी, कारण ती 6 च्या बाजूंवर थांबते. शिखर 7 च्या मध्यावर.

इतकं करूनही आतली काही मर्मं दीडेक मिलिमीटरने चुकतात. हात वाईट म्हणून नव्हे. 48 भागांचं गणितच ठोकळमानाचं आहे. अशा वेळी त्या आतल्या रेघा केसभर सरकवून जुळवा, मोठ्या दोन त्रिकोणांना हात लावू नका. टोक नसलेल्या पेन्सिलची चूक मात्र यात भर घालते, म्हणून दर दोन रेघांनी टोक काढा.

बाहेर 8 आणि 16 पाकळ्या. आठांचे 45 अंशांचे कोन कंपासने दुभागले की सोळा मिळतात, कोनमापकावर साडेबावीस शोधत बसायला नको. मग तीन वर्तुळं आणि चार दारांचा तीन रेघी चौकोन, भूपूर: ही पृथ्वी.

पेन्सिल बाहेरून आत आली, शाई मात्र बिंदूपासून बाहेर न्यावी. हा सृष्टिक्रम, म्हणजे बिंदूतून सृष्टी बाहेर पसरण्याचा क्रम, आणि सोयही: मधला त्रिकोण जेमतेम 2 सेंमी उंच, तिथेच शाई फुटली तर बाकीची मेहनत वाया जात नाही. कंपासने पाडलेलं भोक त्याच त्रिकोणात येतं. त्यावर 3 मिमीचा बिंदू भरला की ते झाकलं जातं.