तुम्ही विचारलंत म्हणून: मी संघाची पावती का फाडली

लग्नाच्या पंगतीत विचारलंत, बँकेच्या रांगेत विचारलंत, परवा तर एका जुन्या सहकाऱ्याला पोचवायला गेलो होतो तिथे, लाकडं रचली जात असताना, एकानं खांद्याला खांदा लावून विचारलं, "साहेब, तुम्हाला हो निवृत्तांच्या संघाची काय गरज पडली?"

या प्रश्नाचे दोन अवतार आहेत. पहिला सभ्य. "तुम्ही अख्खी हयात विद्यापीठात पेन्शनच्या टेबलावर काढलीत, तुमच्या सगळ्या ओळखी, तुमचं काम कोण अडवणार?" दुसरा जरा तिरका, तो बहुधा मी वळल्यावर पाठीमागून येतो. "आम्हाला हेलपाटे घालायला लावले, आता पुण्य गोळा करतोय." दोन्ही ऐकून कान किटलेत. एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी हे पुढे करता येईल.

पुण्याचं आधी मिटवतो. मी संघात गेलो तो माझी स्वतःची फाइल अडकली म्हणून. एवढंच. पश्चात्ताप वगैरे म्हणाल तर त्या दिवशी माझ्या डोक्यात पावणेतीन लाखांच्या वसुलीपलीकडे काही नव्हतं.

२०१८ च्या डिसेंबरात शासनानं विद्यापीठातल्या शिक्षकेतरांच्या आश्वासित प्रगती योजनेचे (बारा वर्षं बढती नाही मिळाली तर वरची वेतनश्रेणी देणारी ती योजना) आधीचे निर्णय रद्द केले, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातल्या निम्म्यांनी तेव्हा काळ्या फिती लावून निषेध केला होता. मी पुढच्या मे महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण करून बाहेर पडलो. (आमचे शिपाई साठाव्या वर्षी निवृत्त होतात आणि बाबू अठ्ठावन्नाव्या. यावर शिपाई आम्हाला चिडवायचे, "चला साहेब, आम्ही आहोत अजून दोन वर्षं.") बारा वर्षांच्या लाभानं वाढलेला माझा पगार रातोरात 'अतिप्रदान', म्हणजे चुकून जादा दिलेला पैसा, ठरला. वसुली लागली, पेन्शन तात्पुरतं. ज्या खोलीत मी अकरा वर्षं बसलो तिथे माझ्याच जागी बसलेल्या पोरानं मला सांगितलं, "सर, पुढच्या आठवड्यात या ना." चहाही पाजला त्यानं. पुढच्या आठवड्यात या हे मीच त्याला शिकवलं होतं.

खरी लाज वेगळीच होती. पंजाबच्या रफीक मसीह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर २०१४ ला सांगितलंय की तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून, वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही. हा निकाल मला २०१५ पासून ठाऊक होता. माझ्या कपाटात त्याची प्रत होती. चार वर्षं खुर्चीत असताना किती वसुलीच्या टिपण्यांवर मी त्याचा उल्लेख केला? एकाही नाही. वरून विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझ्यावर वेळ आल्यावर मात्र ती प्रत शोधायला मी सगळं घर उपसलं.

तर मी संघाच्या खोलीत गेलो. जुन्या वसतिगृहाच्या मेसमागची ती खोली तुम्ही पाहिली आहे. पुढच्या खुर्च्यांवर प्राध्यापक, मागच्या बाकांवर आम्ही बाबू, आणि दाराशी, वारा लागतो म्हणून, मामा लोक, म्हणजे शिपाई मंडळी. चाळीस वर्षांची सवय. पेन्शन झालं तरी बसायच्या जागा बदलत नाहीत. पूर्वी मी या संघाला हसायचो. बैठकीचा पहिला विषय श्रद्धांजली, शेवटचा विषय चहा, मध्ये ठराव. १७ डिसेंबरला नाकरा दिवस साजरा करतात म्हणून तर फारच हसायचो. राज्यशास्त्राचे एक सर दरवर्षी तोच इतिहास सांगतात: ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना पेन्शनच्या नव्या सूत्रातून वगळलं होतं, नाकरा नावाचे एक निवृत्त अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८२ साली सरन्यायाधीश चंद्रचूडांच्या, म्हणजे थोरल्या चंद्रचूडांच्या, घटनापीठानं सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे. चाळीस मिनिटं. मग शेव-चिवडा. मी म्हणायचो, बरोबर आहे, पण त्या निकालानं फाइल पुढे सरकत नाही, फाइल कारकून सरकवतो. अजूनही माझं तेच मत आहे. फक्त ते आता मी निराळ्या सुरात म्हणतो.

संघाचे सचिव पूर्वी चतुर्थ श्रेणीच्या संघटनेत होते. त्यांनी माझे कागद घेतले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि पहिला प्रश्न विचारला, "नावात तफावत नाही ना, साहेब?"

मला घाम फुटला. तो का, ते सांगतो. या सगळ्या लिखाणात सांगण्यासारखं खरं म्हणजे तेवढंच आहे.

वनस्पतिशास्त्र विभागात एक मामा होते, हरितगृह सांभाळायचे. २००९ च्या पावसाळ्यात ते गेले, नोकरीत असतानाच. निवृत्तीला चार वर्षं होती. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी पेन्शनचे कागद करायला घ्यावेत असा नियम आहे, त्यामुळे त्यांचे कागद कुणी काढलेलेच नव्हते; नवरा-बायकोचा जोडफोटो नाही, काही नाही. तेराव्यानंतर त्यांची बायको आली. हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, मृत्यूचा दाखला आणि मामांचं विद्यापीठाचं ओळखपत्र. ते का आणलं होतं कोण जाणे. मी "बसा वहिनी" म्हटलं. त्या बसल्या नाहीत.

सेवापुस्तक मागवलं. सगळ्या कागदांवर त्यांचं नाव सिंधू. सेवापुस्तकात कुटुंबाच्या तपशिलात, पत्नी या रकान्यात लिहिलं होतं: बेबी.

आणि अक्षर माझं होतं.

'ब'चं पोट मी अजून तसंच काढतो, खाली जरा टोकदार. १९८७ साल. मी कनिष्ठ लिपिक, लेखापरीक्षण तोंडावर, दोनशेच्या वर सेवापुस्तकं अपुरी. विभागावार माणसं बोलावून मी रकाने भरत होतो. मामा हरितगृहातून तसेच आले होते, हाताला ओली माती, टेबलाला लागू नये म्हणून हात पाठीमागे धरून उभे. मी मान वर न करता विचारलं, "बायकोचं नाव?" ते जरासे लाजले आणि म्हणाले, "बेबी." शेजारच्या टेबलावरची दोघं हसली. मीही हसलो. आणि लिहिलं. माणसानं स्वतः भरून सही केलेला नमुना त्या पानाला जोडायचा असतो. मी जोडला नाही. घरोघरी एक बेबी असते, तिचं कागदावर दुसरं नाव असतं, हे न कळायला मी काही विलायतेत वाढलो नव्हतो.

बावीस वर्षांनी ते पान माझ्यासमोर, मी अधीक्षक, आणि त्या उभ्या.

आता माझी बाजू ऐका, कारण मी ती तेव्हा स्वतःला रोज ऐकवत होतो. नाव जुळत नसेल तर खात्री करणं हे माझं कामच होतं. आमच्याच विद्यापीठात एका चालकाच्या मागे दोन बायका दोन कुंकवं लावून आल्या होत्या. कुटुंब निवृत्तिवेतन चुकीच्या हातात गेलं असतं तर वसुली माझ्या पगारातून झाली असती. बेबी आणि सिंधू या दोन वेगळ्या बाया नाहीत हे मी कशावरून मानायचं? नियमानं मी बरोबर होतो. आजही कुणी ते पान पाहून मला चूक ठरवू शकणार नाही.

पण मला माहीत होतं. दुसरी बाई नव्हती हे मला माहीत होतं, कारण ते नाव कसं आलं ते मी पाहिलं होतं. एका ओळीची टिपणी पुरली असती: 'सदर नोंद तत्कालीन लिपिकाकडून नजरचुकीने झाली आहे, पूरक कागदपत्रांवरून दुरुस्तीस मान्यता असावी.' तत्कालीन लिपिक कोण, हे कुणीतरी विचारलं असतं. त्या वर्षी पदोन्नती समितीपुढे माझं नाव होतं.

मी लिहिलं, 'नावात तफावत. पूर्तता करावी.' चार शब्द. आणि फाइल परत.

मग शंभराच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, मग तहसीलचा दाखला, मग त्या दाखल्यात गावाचं नाव चुकलं म्हणून दुसरा दाखला, मग राजपत्र. चौदा महिने. संघटनेचा माणूस म्हणून वहिनींबरोबर हेलपाटे घालणारे गृहस्थ म्हणजे हेच आमचे सचिव. ते दर वेळी माझ्या टेबलापाशी यायचे आणि दर वेळी मी वर न पाहता म्हणायचो, "नावाचं झालं का?" मधल्या काळात वहिनी आवारातल्या कँटीनमध्ये भांडी घासायला लागल्या. मी तिथे चहा प्यायचो. मागच्या मोरीकडे तोंड करून त्या बसलेल्या असायच्या, त्यामुळे नजरानजर व्हायची वेळ आली नाही. नंतर मी चहा टेबलावरच मागवू लागलो.

त्यांना थकबाकीसकट सगळे पैसे मिळाले, हे नोंदवून ठेवतो. पैही बुडाली नाही. त्यांच्या मुलीनं बारावीनंतर शिक्षण सोडलं. ते या चौदा महिन्यांमुळेच असं मी म्हणणार नाही, सोडायला कारणं हजार असतात. पण मी हे म्हणणार नाही, म्हणणार नाही असं किती वेळा म्हणतोय ते तुम्ही मोजत असालच.

तर सचिवांनी विचारलं, "नावात तफावत नाही ना?" नंतर पाहिलं तर तो प्रश्न ते प्रत्येकाला पहिला विचारतात. म्हणजे टोमणा नसावा. किंवा माझ्यामुळेच ती त्यांची सवय झाली असावी. मी विचारलेलं नाही आणि त्यांनी सांगितलेलं नाही. त्यांनी माझा अर्ज लिहिला, त्यात रफीक मसीह घातला, सहसंचालक कार्यालयात तीनदा माझ्याबरोबर आले, आणि वडापावचे पैसे मला देऊ दिले नाहीत. मी आजीव सभासदाची पावती फाडली. वार्षिक सभेत मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "पेन्शनवाल्यांचा अधीक्षक आला का आता पेन्शनमध्ये!" सगळे हसले. शेजारच्या टेबलावरचं १९८७ सालचं हसू तेच असतं, मामा असो नाहीतर साहेब.

माझी वसुली थांबली? थांबली. पेन्शन निश्चित झालं? झालं, उशिरानं. मग पुढे का जातो, हा तुमचा पुढचा प्रश्न. जातो, कारण त्या खोलीत सेवापुस्तक वाचता येणारा दुसरा कुणी नाही. प्राध्यापकांना ठराव येतात, मामांना मोर्चा येतो. कोणत्या पानावर कोणता शेरा अडेल ते मला येतं. २००५ च्या १ नोव्हेंबरनंतर लागलेली, जुन्या पेन्शनमधून वगळलेली पोरं तर अधूनमधून डोकावून विचारतात, "काका, आमचं काय होणार?" त्यांना मी खोटा धीर देत नाही. त्यांच्या हिशेबात माझी विद्या चालत नाही.

वहिनींना सांगितलं का? नाही. सांगून मला मोकळं वाटेल, त्यांना काय वाटेल? हा युक्तिवाद चांगला आहे. तो सोयीचाही आहे. त्या मला ओळखतात की नाही तेही ठरवता येत नाही. 'साहेब' म्हणतात, पण त्या सगळ्यांनाच म्हणतात.

दर नोव्हेंबरला संघ हयातीच्या दाखल्यांसाठी टेबल मांडतो. बँकेत जाऊन यादीवर सही केली तरी चालते, पण तिथली रांग म्हाताऱ्यांना झेपत नाही. गेल्या खेपेला टेबलावर मी होतो. वहिनी आल्या, आता पिशवी कापडी. यंत्रावर अंगठा ठेवला, लागला नाही. तर्जनी, नाही. दुसरा हात, नाही. बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत. शेतातही बोटं झिजतात, वयानंही झिजतात. मग मोबाइल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. डोळे मिचकवा अशी सूचना येते. त्या फोटोला बसल्यासारख्या डोळे ताणून ताठ बसल्या.

"मिटा आणि उघडा, वहिनी."

त्यांनी मिटले ते मिटलेच. मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. तिसऱ्या वेळी जमलं.

त्याआधी रकाना भरताना मी विचारलं होतं, "नाव?" आधार समोरच होतं, विचारायचं काही कारण नव्हतं.

त्या म्हणाल्या, "कागदावरचं ना?"

"हो," म्हटलं, "कागदावरचंच."