चार बोटं सरकवलेला नाडा

शुक्रवार, रात्री

आज केडगावला जाऊन आले. आमच्या नगरचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंचं. दौंडला गाडी बदलली, पाटस गेलं, कडेठाण गेलं आणि उतरले. महिला मंडळाच्या बायका मागे गेल्या होत्या तेव्हा मी गुडघ्याचं निमित्त काढून घरी राहिले होते. आज एकटीच निघाले. घरात बसवेना.

रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या ओळीवर माझा आवाज बंद पडला. शेजारच्या बाईंना वाटलं खोकला आला. खोकला नव्हता. चाळीस वर्षं मुखपाठ असलेली ओळ तोंडातून बाहेरच येईना. कारण मला त्याच्या इच्छेप्रमाणे व्हायला नको होतं. मला माझी लेक जर्मनीला जायला हवी होती.

दोन वर्षं तिने भाषेचा क्लास केला. फी माझ्या निवृत्तीच्या पैशांतून भरली. कागदपत्रं झाली आणि मग एक दिवस म्हणाली, “आई, मी नाही जात. नंदुरबारकडे एक लहानसा मिशन दवाखाना आहे, तिथे नर्स हवी आहे.” मी म्हटलं, प्रार्थना कर. म्हणाली, “करूनच ठरवलंय.” आता तिला तिथे दोन महिने झाले. या दोन महिन्यांत मी तिला एकच प्रश्न विचारत आले आहे, फक्त शब्द बदलून. परत कधी येणार?

ही मुलगी नऊ महिन्यांची असताना न्यूमोनियाने अगदी हातची जाणार होती. नाकात नळी, छाती भात्यासारखी वरखाली. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून मी म्हटलं होतं, प्रभू, हिला वाचव, ही तुझीच. वाचली. पुढे देवळात साक्ष देताना ही गोष्ट मी कितीदा सांगितली. सगळे ‘आमेन’ म्हणाले. आणि आता ज्याची त्याने नेली, तर मी दोन महिने त्याच्याशी भांडते आहे.

केडगावला रमाबाईंच्या कबरीपाशी बराच वेळ बसले. गाणं नाही, वाचन नाही, नुसती बसले.

शनिवार

काल लिहिता लिहिता डोळा लागला. राहिलेलं आज लिहिते.

रमाबाईंचं मला एक फार जवळचं वाटतं. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी आपल्या लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या मठातल्या सिस्टर जेव्हा म्हणू लागल्या की चर्च सांगेल ते निमूट मान, तेव्हा 1885 च्या एका पत्रात त्यांनी स्पष्ट कळवलं की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. नवरा गेलेला, पदरी चिमुरडी पोर, परका देश, ज्यांच्या आश्रयाला राहायचं त्यांनाच हे ऐकवायचं! आणि हीच बाई बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलं म्हणून लिहिते की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. मग त्याच्यापुढे मात्र तिने स्वतःला पूर्ण टाकलं. जी माणसांपुढे वाकली नाही, ती त्याच्यापुढे लीन झाली. पुढे केडगावात निराधार बायकांसाठी जे उभं राहिलं त्याचं नाव तिने ठेवलं मुक्ती.

हे नीट समजायला मला साठी गाठावी लागली. हे गेले तेव्हा सासरच्या घरातला माझा हिस्सा सोडून दे, असं मला सांगण्यात आलं. ‘ख्रिस्ती बाईने सोशिक असावं, समर्पण म्हणतात ते हेच.’ मी सही केली. त्यानंतर कित्येक वर्षं मी त्या सहीला समर्पण म्हणत आले. ते समर्पण नव्हतं. ती भीती होती. सही करताना हात थरथरत होता आणि नंतर मनात काय साचलं ते प्रभूलाच ठाऊक. आपल्या बायांना हे कुणीतरी उघड सांगायला हवं. माणसांच्या धाकाने सोडलेलं आणि देवाच्या हाती दिलेलं, ही दोन वेगळी आहेत. पहिल्याने माणूस आतून आक्रसत जातो.

दुसऱ्याने काय होतं, ते मला अजून नीट माहीत नव्हतं.

काल दुपारी तिथे बसल्या बसल्या मला माझे वडील आठवले. आमची नेवाशाकडे थोडी जिरायत होती, दोन बैल होते. गोऱ्हा पहिल्यांदा जुंपायचा तो जुन्या बैलाच्या जोडीला. आणि वडील एक करायचे. नाडा, म्हणजे औत जुवाला बांधायचा दोर, जुवाच्या मध्यावर न बांधता चार बोटं जुन्या बैलाच्या बाजूला सरकवून बांधायचे. त्याने भार जुन्यावर जास्त पडतो. गोऱ्हा मान हलवत, उड्या मारत चालायचा, त्याला वाटायचं औत तोच ओढतो आहे. ओढायचा दुसराच. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला वडील लोणी-हळद लावून दोघांचे खांदे चोळायचे. आमच्या घरी पूजा नसे, पण खांदेमळण चुकली नाही. गोऱ्ह्याचा खांदा ते बोटांनी दाबून दाबून बघायचे, कुठे सोलवटला तर नाही ना.

‘माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे.’ मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायातलं ख्रिस्ताचं हे वचन शाळेत असल्यापासून पाठ आहे. मी नेहमी ते असं घेतलं की जू उतरवून ठेवायचं. तो तर म्हणतो, माझं जू आपणांवर घ्या. जू राहणारच आहे. मी मात्र इतकी वर्षं एकटीच जुंपून घेऊन चालले होते. लेकीचं शिक्षण, लेकीचं लग्न, लेकीचा परदेश, लेकीची म्हातारपणाची सोयसुद्धा मीच करून ठेवणार होते. माझ्या प्रार्थना म्हणजे तयार केलेले अर्ज. खाली त्याची सही तेवढी हवी होती.

तिथेच, कबरीपाशी, मी मोठ्याने म्हटलं. आसपास कुणी नव्हतं. प्रभू, मला ती जवळ हवी आहे. मला तिचं बरं झालेलं बघायचं आहे. आणि ती तुझी आहे. घे.

आधी ‘हवी आहे’ म्हटलं याचा मला संकोच नाही. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत ख्रिस्तानेही आधी दुःखाचा प्याला दूर कर असंच मागितलं. घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडेपर्यंत मागितलं. आणि त्याच प्रार्थनेत म्हणाला, माझ्या इच्छेप्रमाणे नको. काही हवंच नसेल तर सोडणार काय?

रमाबाईंची एकुलती एक मनोरमा 1921 च्या जुलैमध्ये गेली. चाळिशीची. सगळं काम तिच्या हाती सोपवायचं होतं. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आतच रमाबाईही गेल्या आणि त्या दिवसांतही मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचं काम त्यांनी पुढे नेलं. त्या रात्री रडल्या नसतील असं मला वाटत नाही. पण सकाळी उठून पुन्हा त्या पानांपाशी बसल्या, ते कुणाच्या जोरावर, ते मला काल थोडंसं कळलं.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. उसाची शेतं मागे जात होती. दौंड यायच्या आत लक्षात आलं, माझा जबडा सैल झाला आहे. दात आवळून बसायची मला किती सवय लागली होती, ते तो सुटल्यावर कळलं.

सोमवार, पहाट

मध्यरात्री तीनला पुन्हा भीती आली. तिथला रस्ता, पावसाळा, एकटी पोर. उठून पाणी प्याले. पुन्हा म्हटलं, घे. काल म्हटलेलं आज पुरत नाही, रानात इस्राएलांना देवाकडून मिळणारा मान्ना रोजचा रोज वेचावा लागायचा तसंच हे. झोप लागली मात्र.

साडेसहाला तिचा फोन. रात्रपाळी संपवून बोलत होती. रात्री एक बाई डोंगरातल्या पाड्यावरून झोळीतून आणली, आडवं मूल, कसंबसं सुटली. मुलगी झाली. सांगताना तिचा आवाज असा होता की लहानपणी बक्षीस घेऊन घरी पळत यायची तसा.

मी विचारलं, “बाळाचं वजन किती भरलं?”

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, “आई, आज तू ते विचारलं नाहीस.”

“नाही विचारलं.”

“का गं?”

“तू आधी झोप. आणि मला सांग, तुझ्याकडे यायला नंदुरबारला उतरायचं की अलीकडे?”

शेंगदाण्याची चटणी आज कुटून ठेवते. तिच्याबरोबरच्या दोघी नर्सना पण होईल, एवढी.